प्रकल्पाला धनी हवा

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली इंग्लंडहून आणविलेले एचईसी-२एम हे गणकयंत्र उभे राहिले, ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या संस्थेपुढे पाहण्यांच्या व नियोजनाच्या आकडेमोडीचे प्रचंड काम होते म्हणून. आणि पुढे याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने ट्रान्झिस्टरांवर चालणारे ‘आयएसआयजेयू-१’ स्वतः रचून १९६६ साली कार्यान्वित केले. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ या नावाला गार्मिश येथील १९६८ च्या परिषदेने प्रतिष्ठा दिली, त्याच्या आधीची ही हकीकत. यंत्रावाचून ज्यांचे काम अडले होते, ते रचणाऱ्यांच्या पंक्तीलाच बसले होते, ही गोष्ट आम्हांस त्यातल्या विद्युत्‌मंडलांहून अधिक महत्त्वाची वाटते.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला हा अडलेला मनुष्यच भेटत नाही. विद्यार्थी ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ हा विषय घेतात, आकृत्या काढतात, सोनेरी अक्षरांच्या बांधणीचा अहवाल बाह्य परीक्षकापुढे ठेवतात आणि तो दस्तऐवज विभागाच्या कपाटात दाखल होतो. तळमजल्यावरच्या ग्रंथपालांना त्याची वार्ताही नसते. त्यांना विचारले असते, तर त्यांनी सहज पुसले असते की, हरवले म्हणून ज्याची किंमत वसूल केली ते पुस्तक सहा महिन्यांनी परत आले, तर पावती रद्द करायची की पुस्तक नव्या दाखल क्रमांकाने चढवायचे? एवढ्या एका प्रश्नाने माहितीच्या तक्त्यांची सारी मांडणी ढवळून निघते, आणि रचनेचे शिक्षण आमच्या मते तेथूनच सुरू होते. त्यापूर्वी जे चालते ती सुलेखनाची तालीम.

रचनाक्षमता हे पदवीचे अपेक्षित फलित म्हणून राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाच्या दप्तरी नमूद आहेच, आणि २०१४ पासून भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासदही आहे; कागदोपत्री उणीव कसलीच नाही.

आमची सूचना इतकीच की, ग्रंथपाल, वसतिगृहाचे कारकून, भांडारपाल यांपैकी कोणी तरी धनी प्रत्येक प्रकल्पाला नेमून द्यावा, आणि पहिली सहामाही संपताच दोन गटांनी आपापली कामे अदलाबदल करून एकमेकांच्या प्रणालीत धन्याने सांगितलेला एक फेरफार करून दाखवावा. तो करताना दुसऱ्या गटाला जेवढे अडखळावे लागेल, त्यावरून पहिल्या गटाचे गुण ठरावेत. यास मज्जाव करणारे कलम आमच्या पाहण्यात नाही. अडचण आहे ती एकच काम दोनदा तपासणाऱ्या अध्यापकाच्या वेळेची, आणि तिची तजवीज वेळापत्रक मंजूर होण्यापूर्वी विभागप्रमुखांनीच करावयाची आहे.