हाताला रस्ता कळला पाहिजे

आलिशान मोटार घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये दोन गोष्टी हमखास करतो. दार लावून त्याचा आवाज ऐकतो आणि चालकाच्या जागेवर बसून एका बोटाने स्टिअरिंग फिरवून पाहतो. दार ‘धप्’ असे बसले आणि चाक लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरले की स्वारी खूश! दाराबद्दल माझी तक्रार नाही. पण उभ्या गाडीचे स्टिअरिंग हलके म्हणजे ते उत्तम, असे समजण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिच्याविषयी आज चार शब्द बोलावेत असे वाटते. वरवर पाहता हा हौशी मोटारवाल्यांचा चोखंदळपणा वाटेल. पण भर पावसात, घरची सगळी माणसे गाडीत असताना, पुढची चाके रस्ता सोडू लागली आहेत हे चालकाला वेळेवर कळणार की नाही, हे याच गोष्टीवर ठरते.

ज्यांचा हात ॲम्बॅसिडरवर किंवा फियाटवर बसला, त्यांना उभ्या गाडीचे चाक वळवणे म्हणजे काय असते हे सांगायला नको. गल्लीत गाडी लावेपर्यंत दंड भरून येत. इंजिनाचा भार पुढच्या टायरांवर आणि गाडी जागेवरच. टायर रस्त्यावर अक्षरशः घासत वळवावे लागतात. या कष्टांवर अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली तोड काढली. इंजिनावर चालणारा पंप, त्याने दाबलेले तेल आणि त्या तेलाची वळणाला मदत. विक्रीच्या मोटारीत ही सोय यायला मात्र १९५१ साल उजाडले. क्रायस्लरच्या ‘इम्पीरियल’ गाडीत ती आली आणि मग मोठ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग हवेच, असा रिवाज पडला.

ही मदत मिळते कशी? बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी पेन्सिलीएवढी बारीक पोलादी सळई असते. आपण चाक वळवले की पुढच्या टायरांच्या विरोधामुळे ही सळई किंचित पिळली जाते. त्या पिळाने एक झडप उघडते आणि तेलाचा दाब योग्य त्या बाजूला जाऊन आपल्याबरोबर जोर लावू लागतो. सळई फार लवचीक असेल तर हाताने नुसता इशारा करायचा अवकाश, सगळे काम तेलच उरकते. ती जाड असेल तर आधी हाताला थोडा जोर लावावा लागतो, मग मदत धावून येते. स्टिअरिंगची सारी ‘चव’ या एवढ्याशा सळईत आणि तिच्या झडपेत दडलेली असते, असे म्हटले तरी चालेल.

आता मुद्द्याकडे येतो. स्टिअरिंगमधून चालकाचा हुकूम चाकांपर्यंत जातो, हे सर्वांना ठाऊक असते. पण तिकडून उलट बातमीही येत असते. बैलगाडीवाल्याच्या हातातला कासरा आठवा. कासऱ्याने तो बैलांना वळवतो आणि त्याच कासऱ्यातून बैल बुजला, दमला, ठेचकाळला हेही त्याला समजते. मोटारीचेही तसेच आहे. वळणावर टायर थोडा पिळला जातो आणि परत सरळ होण्यासाठी धडपडतो. ती धडपड हाताला जडपणाच्या रूपाने जाणवते. वळण घट्ट होत गेले की जडपणा वाढत जातो. आणि खुबी अशी की टायरची पकड संपण्याच्या थोडे आधीच हा जडपणा ओसरू लागतो. म्हणजे चाक घसरण्यापूर्वी स्टिअरिंग हलके होऊन तशी सूचना देते. रस्त्यावरच्या पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागला की हीच सूचना एकदम मिळते. हातातले वजनच नाहीसे होते.

सूचना अशी हलकेपणातून मिळते. मग जे स्टिअरिंग मुळातच कापसासारखे हलके आहे, ते आणखी हलके झाले हे कळायचे कसे? अतिमदतीचे खरे नुकसान हे आहे. जगातल्या नामवंत गाड्याही यातून सुटल्या नाहीत. १९६८ साली आलेल्या जॅग्वार एक्सजे ६ ची सुखद चाल जगाने वाखाणली. पण तिचे स्टिअरिंग वाजवीपेक्षा हलके आहे, अशी टीका जाणकारांनी तेव्हाच केली. पुढे हौशी मालक आणि कारागीर तिच्या स्टिअरिंगमध्ये जाड सळई बसवू लागले, रबरी बुशांच्या जागी कडक बुश घालू लागले. उलट १९७० च्या सित्रोएन एसएममध्ये वेग वाढेल तसे स्टिअरिंग जड होत जाईल, अशी योजना कारखान्यातूनच केलेली होती. गाडी लावताना हलके आणि वेगात भारदस्त, हे तेव्हाही जमण्यासारखे होते.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्या घरचेच एक उदाहरण घेऊ. मर्सिडीझची डब्ल्यू १२४ ही ई-क्लास गाडी १९९५ साली पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात जुळवली जाऊ लागली. त्यांतल्या काही गाड्या आजही पुण्या-मुंबईत जिवापाड जपलेल्या दिसतात. माझ्या एका स्नेह्यांकडे अशीच एक आहे. मध्यंतरी त्यांची मुलगी ती घेऊन द्रुतगती मार्गावरून आली आणि घरात शिरता शिरता म्हणाली, “बाबा, गाडी रस्त्यावर चाललीय की पाण्यावर, हेच कळत नाही!” स्नेह्यांना वाटले, पोरीला लहान गाडीची सवय आहे, म्हणून तसे वाटत असेल. पण पोरीचे म्हणणे खरे होते.

या गाडीची रचना मुळात बेजबाबदार नाही. पार्किंगमध्ये चाके पूर्ण वळवून उभी केलेली जुनी मर्सिडीझ कधी पाहिलीत? तिची पुढची चाके नुसती वळलेली नसतात, एका अंगाला कललेलीही असतात. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष मागे झुकलेला ठेवल्याचा हा परिणाम. या झुकावाला कॅस्टर म्हणतात आणि या गाडीत तो सुमारे १० अंशांचा आहे. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, तेच तत्त्व. त्यामुळे गाडी आपण होऊन सरळ धावू पाहते आणि हाताला एक ठाम ओढ जाणवते. मग ही ओढ गेली कुठे? वर्षानुवर्षे झिजलेल्या रबरात, सुटलेल्या सांध्यांत आणि काळ्या पडलेल्या तेलात ती हरवून जाते.

एका गॅरेजात स्नेह्यांना झटपट उपाय सुचवला गेला. स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की चाकातला ढिलेपणा, ज्याला मेस्त्रीलोक ‘प्ले’ म्हणतात, तो कमी होतो. स्क्रू आवळला गेला. चाक जड झाले, सगळ्यांना बरे वाटले. आणि मग वळणावरून बाहेर पडताना चाक आपण होऊन सरळ येईना! बॉक्स आतल्या आत आवळला गेला होता. जडपणा वाढला होता. पण तो घर्षणाचा मुका जडपणा होता, त्यात रस्त्याची बातमी नव्हती. जाड कातडी आवरण चढवणे, लहान आकाराचे चाक बसवणे हेही त्यातलेच. ताप बघायचा सोडून थर्मामीटर बदलण्याचा प्रकार.

पुढे एका जुन्याजाणत्या मेस्त्रींनी काम हातात घेतले. ते म्हणाले, “साहेब, आधी जमिनीपासून सुरुवात करू. बॉक्स सगळ्यात शेवटी.” हा क्रम मला फार मोलाचा वाटला, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रथम टायर. सरसकट ३५ हवा न भरता, पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, गाडी थंड असताना भरायची. नक्षी झिजलेली किंवा रबर वयाने कडक झालेले असेल तर दुसरा कोणताही खर्च करण्याआधी टायर बदलायचे. दुसरे, सांधे. टाय रॉडची टोके, बॉल जॉइंट, आयडलर आर्मचा बुश, स्टिअरिंगच्या दांड्यातला रबरी जोड आणि धक्के शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर. एकाने चाक हलवायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून कुठे ढिले आहे ते पाहायचे. यासाठी यंत्र लागत नाही. तिसरे, तेल. या गाडीत पंपाच्या टाकीत एक छोटासा फिल्टर असतो, याचा बहुतेकांना पत्ताच नसतो. तो आणि तेल दोन्ही बदलायचे. चौथे, अलाइनमेंट. पुष्कळ ठिकाणी फक्त ‘टो’, म्हणजे चाकांची तोंडे आत की बाहेर एवढेच जुळवतात. कॅस्टरचा आकडा छापलेला कागद मागून घ्यावा आणि दोन्ही बाजूंचा ताळमेळ पाहावा. एवढे करून ढिलेपणा उरलाच, तर कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने बॉक्सला हात लावायचा.

स्नेह्यांच्या गाडीत नवे असे काही बसले नाही. जे झिजले होते तेवढेच बदलले. चाक किलोभरही जड झाले नाही. पण त्यात जीव आला. वळणावर ओढ वाढते, सरळ येताना सुटते, खडीवरून गेले की बोटांना बारीक थरथर कळते.

आजच्या नव्या गाड्यांत तेल आणि पंप जवळजवळ इतिहासजमा झाले आहेत. २०१० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ५ सीरीजमध्येही विजेच्या मोटरचे स्टिअरिंग आले. त्यामागे सबळ कारण आहे. तेलाचा पंप इंजिनावर सतत फिरत राहतो, अगदी सरळ रस्त्यावरही. विजेची मोटर गरजेपुरतीच वीज घेते, त्यामुळे इंधन वाचते. आपोआप पार्किंगसारख्या सोयीही तिच्यामुळेच शक्य झाल्या. पण मदत किती द्यायची हे आता संगणकाची आज्ञावली ठरवते. ‘स्पोर्ट’चे बटण दाबले की चाक जड होते आणि मालकाला वाटते, आता गाडी बोलू लागली. जड होणे वेगळे आणि बोलणे वेगळे. बदल जाणवला पाहिजे, वजन नव्हे.

तेव्हा गाडी घेताना वा दुरुस्त करून आणताना उभ्या गाडीचे चाक एका बोटाने फिरवून पाहू नका. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात वळण घ्या आणि बाहेर पडताना पकड जरा सैल करा. चाक आपण होऊन मध्यावर येते का? वळण वाढवले की ओढ वाढते का? उत्तर ‘हो’ असेल तर गाडी तुमच्याशी बोलते आहे. आणि पावसात कधी हातातले वजन एकाएकी गेले, तर ब्रेकवर उभे राहू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढा, चाक सरळ धरा, टायर पुन्हा रस्त्याला लागू द्या.

सुखसोयींना माझा विरोध नाही. दंड भरून येण्यात कसलाही पुरुषार्थ नव्हता. पण कष्ट वाचवता वाचवता आपण जाणच वाचवू लागलो, तर तो सौदा महागात पडेल. उत्तम गाडीने हाताचे श्रम खुशाल काढून घ्यावेत. हाताचे कान मात्र उघडे ठेवावेत.