फलक वाचता येतो, मग संकेत कशाला शोधता?



परवा आमच्या महिला मंडळात विषय निघाला : आयुष्य आपल्याला संकेत देतं, ते ओळखायचे कसे? कुणी स्वप्न सांगितलं, कुणी डोळा लवल्याचं सांगितलं. एकीला म्हणे घड्याळात सारखे अकरा वाजून अकरा मिनिटं दिसतात. मी गप्प बसले. घरी येऊन मेथी निवडताना मात्र राग आला, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच होता. म्हणून लिहिते आहे.

१५ जून २०२५ चा रविवार आठवा. आपल्या मावळात, इंदोरीजवळ कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, तरी लोक दुचाकीसुद्धा घेऊन वर गेले होते. आता कुणी म्हणेल, नुसता फलक लावून सरकारची जबाबदारी संपते का? मुळीच नाही. धोकादायक पूल बंद करायचा असतो, आणि तो का केला नाही हे विचारलंच पाहिजे. पण मराठीत लिहिलेला स्पष्ट फलक ओलांडून जाणारे आपण, घरी येऊन डाव्या डोळ्याचा अर्थ शोधतो, हे कुठलं शहाणपण?

त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुलं होती. त्या कुटुंबाला मी दोष देणार नाही. वर डोंगरात लागलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. बाहेरगावच्या माणसाला ओढ्याची भाषा कशी कळावी?

मला ती कळते. लग्न होऊन लोणावळ्यात आले त्याला चाळीस वर्षं झाली. तरीही त्याच्या आदल्या पावसाळ्यात, लेक-जावई आणि नातवंडं आली असताना, मी ओढ्याच्या काठावर गप्प उभी राहिले. मुलं घोटाभर पाण्यात खेळत होती. पाणी चहासारखं गढूळ झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला. पोटात गोळा आला. पण जावयांना काय वाटेल, सगळ्यांच्या आनंदावर पाणी कशाला ओता, या विचाराने मी तोंड उघडलं नाही. शेवटी कणसं भाजणाऱ्या बाई ओरडल्या, "अवो, पोरं काढा भायेर, वर पाऊस लागलाय!" मुलं बाहेर आली. थोड्याच वेळात, धाकटा ज्या दगडावर बसला होता तो दगड दिसेनासा झाला.

तेव्हा मला संकेत मिळाला नव्हता असं नाही. मिळाला होता, कळलाही होता. मी त्यावर वागले नाही. पुढच्या वर्षी भुशीची बातमी पाहिली, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

आपल्या धर्मात वरून चिठ्ठी पाठवणारा कुणी नाही. जाणणं हा आत्म्याचाच गुण आहे. मुनिराजांना ईर्यासमिती सांगितली आहे, म्हणजे पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं. पावसाळ्यात तर ते चातुर्मासासाठी एका जागी थांबतात. आपल्या श्रावकांच्या अनर्थदंडव्रतात प्रमादचर्येचा दोष सांगितला आहे : विनाकारण पाणी-माती उधळणं, विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं. सूक्ष्म जीव मरू नयेत म्हणून आपण पाणी गाळून पितो, आणि हाडामासाचं नातवंड चढत्या पाण्यात उभं करतो!

"ज्याचं जेवढं आयुष्य तेवढंच," असं काही जणी म्हणतात. मग पाणी तरी कशाला गाळता? कर्मसिद्धांत पुरुषार्थ नाकारत नाही. बेफिकिरीला कर्माचं नाव देणं म्हणजे आपल्या चुकीची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं.

मग प्रत्येक भीती खरी मानायची का? तसंही नाही. मी माझ्यापुरती एक कसोटी केली आहे. मनाला विचारायचं, "कशामुळे वाटतं?" नुसती भीती असेल तर ती गोंधळते, सगळीकडे एकच रड लावते. विवेक असेल तर तो बोट दाखवतो : हा गढूळ रंग, हा गंजलेला खांब, हे शेवाळ, हा फलक. आणि मुलांचा जीव पणाला असेल, तर उत्तराची वाट न बघता आधी बाहेर यायचं. बी.कॉम.ला आम्हाला हिशेबाचं एक तत्त्व शिकवलं होतं : न मिळालेला नफा धरायचा नाही, पण संभाव्य तोट्याची तरतूद आधी करायची. दुकानात ते आपण पाळतो. सहलीला गेल्यावर वही मिटून ठेवतो.

आमच्या घरात आता एक नियम आहे. पाण्याजवळ, कड्याजवळ, पुलावर कुणीही "चला, मागे फिरू" म्हटलं, मग ती सूनबाई असो की चार वर्षांचा नातू, सगळ्यांनी मागे फिरायचं. कारण नंतर चहा घेताना विचारायचं. चिडवायचं नाही. धोका निघाला नाही तर गेलं काय? एक फोटो.

पुढच्या बैठकीत मी हेच बोलणार आहे. कुणाला टोचलं तर मिच्छामि दुक्कडम्. पण या पावसाळ्यात ओढ्याच्या काठावर पोटात गोळा आला, तर अर्थ शोधत बसू नका. मोठ्याने हाक मारा.