आठचं फॅक्टोरियल उणे कसं?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीचं सी प्रोग्रॅमिंगचं जर्नल या आठवड्यात सही न होता परत आलं. तिने ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’ लिहिलं आणि स्क्रीन पुसणारी ओळ घातली नाही, एवढाच गुन्हा. प्रोग्रॅम चालत होता, उत्तर बरोबर होतं, भाषेच्या प्रमाण नियमांत ‘इंट मेन’च बसतं. तरीही सगळं पुन्हा हाताने लिहून आणायचं. अशा जर्नलवर माझा जुनाच राग आहे. आज त्याच्या जोडीदाराबद्दल, या सवयी जिथून आल्या त्या टर्बो सीबद्दल, बोलायलाच हवं.

बोरलँडचा टर्बो सी हा कंपायलर १९८७ चा. जीसीसी हा फुकट मिळणारा कंपायलरही त्याच वर्षीचा. जीसीसी अजून सुधारतोय, टर्बो डॉसबरोबर थांबला. ६४ बिटच्या विंडोजवर तो थेट चालतही नाही, म्हणून लॅबमध्ये डॉसबॉक्स टाकून तो निळा पडदा जिवंत ठेवतात.

जर्नलमध्ये हमखास असणारा फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम घ्या. उत्तर इंटमध्ये ठेवा आणि ८ द्या. जीसीसी ४०३२० छापतो. टर्बो छापतो उणे २५२१६! टर्बोचा इंट १६ बिटांचा, त्यात ३२७६७ च्या वर काही मावत नाही. ४०३२० मधून ६५५३६ गेले की जे उरतं, ते पडद्यावर येतं. मशीनच्या पोटात संख्या कशी राहते हे शिकवायला याहून चांगली संधी कुठली? पण आपल्याकडे आउटपुट आधीच्या बॅचच्या जर्नलमधून उतरतं आणि तिथे ५ चंच फॅक्टोरियल असतं, १२०. निम्म्या मुलांनी तो उणे आकडा कधी पाहिलाच नसेल, अशी माझी खात्री आहे.

सी काढून पायथन आणा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. जरूर आणा. एमआयटीनेही पहिल्या कोर्समधून स्कीम काढून पायथन घेतली, पण त्याबरोबर कोर्सच नव्याने बांधला, मुलांच्या हाती रोबो दिले. जर्नल तेच ठेवलं, तर आपली मुलं पायथन उतरवून काढतील.

तोंडी परीक्षेला येणाऱ्या एक्सटर्नलना माझी कळकळीची विनंती आहे. सही करण्याआधी जीसीसीवर ८ च्या जागी १३ घालायला सांगा. खरं उत्तर ६२२७०२०८००, पडद्यावर बहुधा १९३२०५३५०४ दिसेल. असं का झालं हे जो सांगेल त्याला पूर्ण गुण द्या, त्याचं जर्नल कोरं असलं तरी.