आधी वाफसा, मग पेरणी



रब्बीची पेरणी आटोपली, नाताळ जवळ आला. दर आठवड्याला या जागी आपण बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज मात्र एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. मागच्या शिवारफेरीत एका ख्रिस्ती घरातील तरुणाने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, तुम्ही आमच्यातलेच, म्हणून विचारतो. मला प्रार्थना करताच येत नाही. डोळे मिटले की सोसायटीचे कर्ज दिसते. काय करू?"

त्याला उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून येथे लिहितो. इतर वाचकांनीही वाचावे. ज्यांच्या घरी रोज हरिपाठ होतो, त्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल.

हा प्रश्न एकेकाळी माझाही होता. २०१२ साली मराठवाड्यात पावसाने दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमची वडिलोपार्जित बागही त्यातच होती. आच्छादन करा, झाडावरचा भार कमी करा, असे गावोगाव सांगत मी फिरत होतो आणि घरची झाडे डोळ्यांदेखत जात होती. त्यातच सामाईक विहिरीच्या पाळीवरून थोरल्या भावाशी माझे बोलणे बंद झाले होते. रात्री गुडघे टेकून "देवा, पाणी दे" एवढे म्हटले की शब्द संपत. मग टँकरचे पैसे आणि भावाचे टोचलेले बोल मनात फिरत राहत. अर्धा अर्धा तास असाच जाई.

माझी आई चौथी शिकलेली. ती रोज दिव्यापाशी बसून ओळीवर बोट ठेवून पवित्र शास्त्र वाचायची, मध्येच थांबायची आणि मग हळू आवाजात देवाशी बोलायची. एके रात्री ती मला म्हणाली, "अरे, तू गेल्या गेल्या आपलंच गाऱ्हाणं मांडतोस. आधी त्याचं ऐक, मग तुझं सांग."

कोरड्या ढेकळांत बी टाकू नका, वाफसा येऊ द्या, हे मी दर हंगामात लोकांना सांगतो. मनालाही वाफसा लागतो, हे मात्र मला सुचले नव्हते.

पुढे कळले की आईचे म्हणणे फार जुने आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ साली अनाथ मुलांसाठी घर उघडले. १८९८ साली ते वारले, तोवर हजारो मुले त्यांच्या आश्रयाला वाढली होती. लोकांपुढे हात पसरायचा नाही, देवाजवळच मागायचे, हा त्यांचा नेम. इतका प्रार्थनेचा माणूस, पण वर्षानुवर्षे त्यांनाही हीच अडचण होती. सकाळी प्रार्थनेला बसावे तर पहिला पाव तास, कधी अर्धा तास, मन भटकण्यातच जाई. १८४१ साली त्यांनी क्रम बदलला. आधी नव्या करारातील थोडा भाग सावकाश वाचायचा आणि त्यावर विचार करायचा. मग पापाची कबुली, उपकारस्तुती किंवा दुसऱ्यासाठी विनंती आपोआप मनातून निघू लागली.

त्याही आधी, बाराव्या शतकात, फ्रान्समधील गीगो नावाच्या मठवासी साधूने याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत बसणे. त्यांनी दाखला घासाचा दिला. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे. आपल्याला गोठ्यातली गाय पाहिली की हे समजते. ती भराभर चरते, पण चाऱ्याचे सत्त्व अंगी लागते ते निवांत रवंथ केल्यावर.

आता माझ्याकडे वळतो. मी रोज थोडे वाचू लागलो. एके रात्री मत्तयाचा पाचवा अध्याय आला. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविषयी काही मनात आहे असे आठवले, तर आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाचे येशूचे सांगणे त्यात आहे. मी पुस्तक मिटले. पाणी मागायला बसलो होतो, आणि पुढे आला भाऊ. त्या रात्री प्रथमच मी पाण्याचे नाव घेतले नाही. आपले चुकले, एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भावाच्या वस्तीवर गेलो. दादा काही बोलला नाही, वहिनींना चहा टाकायला सांगितला. प्रार्थनेने पाऊस पडला असे मी लिहिणार नाही. बाग गेली. पण पुढच्या वर्षी नवी कलमे लावताना खड्डे दोघांनी मिळून घेतले.

तर त्या तरुण मित्रा, एवढे कर. वेळ एकच ठरव, दहा मिनिटे पुरेत. स्तोत्रसंहितेपासून सुरुवात कर. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत, रोज पाच वाचली तर महिन्यात संपतात. तुला मात्र रोज एकच पुरे. पासष्टाव्यात पाऊस आणि पीक आहे, तेविसाव्यात मेंढपाळ आहे, बाविसाव्यात देवाने टाकले म्हणून केलेला आकांत आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आले ते याच स्तोत्राचे शब्द. तेव्हा दुःखात स्वतःचे शब्द सुचले नाहीत, तर लाजू नकोस. वाचताना जी ओळ मनाला लागेल तिथे थांब, ती दोनदा-तीनदा म्हण आणि त्याच ओळीवरून देवाशी बोल. कर्जाचेही बोल, पण नंतर. शेवटी दोन मिनिटे गप्प बस.

भाषा अवघड वाटली तर घाबरू नकोस. साध्या माणसालाही शास्त्र कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली निघाले, तेही सोपे आहे. घरात वाचता न येणारे वडीलधारे असतील तर मोठ्याने वाच, म्हणजे त्यांनाही ऐकायला मिळेल.

काही दिवस कोरडे जातील. पेरले की दुसऱ्या दिवशी कोंब दिसत नाही, हे तुला मी सांगायला नको. पाळी मात्र चुकवू नकोस.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी बोलू.