टर्बोला तेल पाजा, नाहीतर तो तुम्हाला पाणी पाजेल

मंडळी, आज राजकारण नाही, नगरपालिका नाही. आज गाडीच्या बॉनेटखालच्या बोटभर पाइपबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात विशीतला पोरगा आणि दारात जुनी डिझेल गाडी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे एक हौस वाढलीय. जुन्या बाजारातून टर्बो आणायचा, बिनटर्बोच्या इंजिनाला बसवायचा आणि शहादा रोडला पिकअप बघायचा. पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात, गॅरेजवाला नाही म्हणाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जातं. मग काम होतं. टर्बोला पैसे, चमकत्या पाइपाला पैसे, आवाजाला पैसे. आणि तेलाच्या लाइनीचं विचारलं की, "ते कर काहीतरी जुगाड."

माझं म्हणणं इथंच आहे. टर्बो हा आधी तेलाचा विषय आहे, वेगाचा नंतर.

ही चीज काही नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं आणि त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. कल्पना साधी, पण काम भयंकर. घरातला पंखा फुल स्पीडला मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे मारतो. गाडीच्या छोट्या टर्बोचा शाफ्ट एक लाखाच्या वर जातो. एका बाजूला सहाशे-सातशे अंशांचा धूर, पेट्रोल गाडीत त्याहूनही जास्त. साध्या टर्बोत हा शाफ्ट बुशला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेच तेल त्याला थंडही ठेवतं. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी बुश खरवडतं, शाफ्टला प्ले येतो, चक्र घासतं आणि खेळ खलास.

कंपनीतून टर्बोसकट आलेल्या गाडीत हा सगळा हिशोब आधी झालेला असतो. बाहेरून बसवला की तो हिशोब मेकॅनिकच्या डोक्यावर येतो. आणि गडबड होते ती बहुतेक ठरलेल्या ठिकाणीच.

१. तेल येण्याची लाइन. तेल फिल्टरमधून गाळून आलेलंच हवं. बरेच जण ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून ते घेतात, त्यात वावगं नाही. पण पुढे डिझेलची साधी रबरी नळी लावतात, तो गुन्हा आहे. आत दाबाखालचं गरम तेल आणि शेजारी तापून लाल होणारा मॅनिफोल्ड. नळी फुटली की तेल थेट आगीवर. तिथे स्टीलचा पाइप किंवा आत टेफ्लॉन, बाहेर स्टीलची जाळी असलेली नळीच लागते. जोडात टेप गुंडाळायची नाही. तिचा तुकडा सुटला तर बारीक भोकात जाऊन बसतो.

२. तेल परत जाण्याची लाइन. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टर्बोत तेल दाबाने येतं, पण खाली जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. म्हणून परतीची नळी जाड हवी, सरळ उताराची हवी, कुठेही झोळ किंवा मुरड नको. आणि ती चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. खाली बुडाली तर तेल तुंबतं. काळ्या जमिनीत शेती करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पाणी द्यायची सोय केली आणि निचऱ्याची केली नाही, तर पीक पाण्यानेच मरतं.

तुंबलेलं तेल सीलमधून वाट काढतं, निळा धूर निघतो. मग वाक्य ठरलेलं, "भाऊ, टर्बोच खराब निंघना." नवा आणतात, पंधरा दिवसांत तोही तेच करतो. दुकानदार बदलतात, परतीची नळी तीच राहते. इंजिन जुनं असेल तर अजून एक गोष्ट तपासा. रिंगा गेल्या असतील तर चेंबरमध्ये हवेचा दाब साचतो आणि उतरणारं तेल अडवतो. अशा इंजिनाला टर्बो बसवणं म्हणजे पैशाची राख.

३. पहिला सेल्फ. नवा टर्बो कोरडा फिरवू नका. आधी त्यात तेल ओता, डिझेल बंद ठेवून इंजिन थोडं फिरवा, परतीच्या नळीतून तेल येतंय हे डोळ्यांनी बघा, मगच चालू करा.

४. बंद करतानाची घाई. तोरणमाळचा घाट चढून गेलं, यशवंत तलावापाशी गाडी लावली, लगेच चावी बंद, लगेच सेल्फी. तापलेल्या टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं, करपलेल्या कढईसारखा काळा थर धरतो. घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटं गाडी नुसती चालू राहू द्या. हे कंपनीच्या टर्बो गाडीलाही लागू आहे.

आता "जास्तीत जास्त टर्बो जाईल ना," म्हणणाऱ्यांसाठी. डिझेल गाडीत टर्बोतून भरपूर तेल हवेच्या वाटेने आत गेलं, तर इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण ते आता डिझेलवर चालतच नसतं. वेग वाढत जातो आणि इंजिन फुटूही शकतं. गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा, इंजिन कोंडून बंद पाडायचं. ते जमत नसेल तर माणसं लांब न्यायची. बॉनेटमध्ये हात घालायचा नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो, तो वेगळाच. म्हणून रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला हा उद्योग करू नका, हेच माझं मत.

पण नुसतं "बेकायदा आहे" म्हणून आपली जबाबदारी संपते का? मला तसं वाटत नाही. बंदीने काम थांबत नाही, ते शटर अर्धं ओढून होतं, आणि अर्ध्या शटरमागे कोणी कोणाला विचारत नाही. शिवाय मिरचीच्या सीझनला मार्केट यार्डात उभ्या असलेल्या पिकअप बघा. आजच्या डिझेल पिकअपला टर्बो कंपनीतूनच येतो. तेलाच्या लाइनीचं हे ज्ञान हौशी पोरांपेक्षा त्या गाड्यांवर पोट असलेल्यांना जास्त लागतं. आपले बहुतेक मेकॅनिक उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. हात सोन्याचे आहेत, पण उस्तादाच्या काळात टर्बो कमी होते.

म्हणून तीन मागण्या. आपल्या भागातल्या आयटीआयने गावातल्या चालू मेकॅनिकसाठी दोन दिवसांचा टर्बोचा वर्ग घ्यावा, कापून उघडा केलेला टर्बो समोर ठेवून. धुळ्याच्या आरटीओने दंडाच्या पावतीआधी एकदा दोंडाईच्यात येऊन काय चालतं, काय चालत नाही, हे गॅरेजवाल्यांना समजावावं. आणि गॅरेजवाल्या भावांनी एक नियम करावा, तेलाच्या लाइनीत जुगाड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं. एकट्याने म्हटलं तर त्याचं नुकसान, सगळ्यांनी म्हटलं तर कोणाचंच नाही.

कोणी हा वर्ग घ्यायला किंवा जागा द्यायला तयार असेल तर खाली कमेंट करा, पुढचा पाठपुरावा मी करतो. आणि पोस्ट तुमच्या गॅरेजवाल्याला पाठवा. तो वाचणार नाही असं वाटत असेल, तर ऑइल बदलायला जाल तेव्हा वाचून दाखवा.