न लिहिण्याचे दिवस



दिवाळी अंकाची आमंत्रणं लेखकांना जातात ती मृगाच्या आसपास. श्रावणात पहिली आठवण, गणपती उठले की दुसरी, आणि पितृपक्षात रोजचे फोन. या चार महिन्यांत जी उत्तरं येतात, त्यांत एक उत्तर दरवर्षी ठरलेलं असतं : "यंदा लिहून होत नाही." ते कळवणाऱ्यांत नावाजलेले लेखक असतात, तशी पहिलीच कथा हाती घेतलेली मुलंमुलीही असतात. कुणी दहा पानं लिहून फाडलेली असतात, कुणाची कविता दुसऱ्या कडव्यावर थांबलेली असते, कुणी कादंबरीच्या मधोमध येऊन महिनोन्‌महिने वही उघडलेली नसते. यंदाच्या अंकाचं सूत्र आम्ही या उत्तरातूनच घेतलं. लिहिणं अडतं तेव्हा नेमकं काय घडत असतं, आणि ते अडणं सोसायला लेखकाजवळ काय लागतं, हे दोन प्रश्न सातारा-सांगलीच्या साहित्याला विचारून पाहायचं आम्ही ठरवलं. या दोन जिल्ह्यांजवळ त्यांची उत्तरं भरपूर आहेत.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखनाला वर्षातली एक पक्की तारीख मिळाली. तारखेचा धाक माणसाला लिहितं करतो, यात शंका नाही. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण आटपाडी तालुक्यातल्या ग. दि. माडगूळकरांचं, म्हणजे गदिमांचं आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'तलं पहिलं गीत प्रसारित झालं आणि त्यानंतर आठवड्याला एक नवं गीत असा क्रम सुरू झाला. त्या वर्षी अधिकमास आल्यामुळे बावन्न गीतांची छप्पन्न झाली. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, गायक-वादकांनी बसवायचं आणि ठरल्या वेळी ते घराघरांत पोचायचं. एखादा आठवडा सुचलं नाही म्हणून पुढे ढकलण्याची सोय नव्हती. १९ एप्रिल १९५६ पर्यंत हा क्रम चालला.

हे ऐकून नव्या लेखकाला वाटतं, प्रतिभा असेल तर अडत नाही. पण शेटफळ्यात जन्मलेल्या आणि माडगुळे-औंधच्या परिसरात वाढलेल्या या कवीजवळ त्या एका वर्षाआधी काय साठलं होतं ते पाहायला हवं. आईच्या ओव्या होत्या, कीर्तनं होती, लोकनाट्याची लय होती. दिग्दर्शकाने प्रसंग सांगावा आणि गदिमांनी त्याच्या मापाचं गाणं द्यावं, अशी चित्रपटातली अनेक वर्षांची सवय होती. माडगुळ्याच्या रानातलं 'बामणाचा पत्रा' हे शेतघर आजही लोक दाखवतात. पुण्या-मुंबईच्या धबडग्यातून तिथे येऊन लिहीत बसण्याची गदिमांना ओढ असे. गीतरामायणाची छप्पन्न गीतं एका वर्षात लिहून झाली, पण त्यांची तयारी आयुष्यभर चालली होती. माणदेशातला शेतकरी उपसलेल्या विहिरीवरची मोटर बंद करतो आणि रात्रभर तिला भरू देतो. तळ दिसला म्हणून विहीर आटली असं तो म्हणत नाही, झरे जिवंत आहेत हे त्याला ठाऊक असतं. लेखकालाही हे ठाऊक असावं लागतं, आणि संपादकाला त्याहून जास्त.

त्याच १९५५ साली गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' आली. कादंबरी छोटेखानी. एका धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर, त्याची शाळा, वाडीतली माणसं, आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेली वाडी. माडगूळकरांनी स्वतः कोवळ्या वयात माणदेशात मास्तरकी केली होती. तो अनुभव आणि हे पुस्तक यांच्या मध्ये बेचाळीसची चळवळ आली, मुंबईतले हलाखीचे दिवस आले, 'माणदेशी माणसं'मधली शब्दचित्रं आली. अनुभव घडल्या घडल्या त्यांनी तो लिहिला असता तर त्यात मास्तरच जास्त दिसला असता. मधल्या वर्षांनी मास्तरला बाजूला सरकवलं आणि वाडी पुढे आणली. एकाच घरातल्या दोन भावांचं एकाच सालातलं हे काम शेजारी ठेवून पाहावं. एकाला आठवड्याच्या तारखेने लिहितं केलं, दुसऱ्याला वर्षांच्या अंतराने. दोन्ही रीती खऱ्या आहेत, आणि आपली कोणती हे प्रत्येकाला लिहितानाच कळतं.

सातारा जिल्ह्यातलं मर्ढे हे बा. सी. मर्ढेकरांचं मूळ गाव. त्यांचा 'शिशिरागम' १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्या कवितेवर आधीच्या पिढीची छाया होती. 'काही कविता' हा पुढचा संग्रह आला १९४७ साली. मधल्या आठ वर्षांत त्यांनी 'रात्रीचा दिवस' आणि 'तांबडी माती' या कादंबऱ्या लिहिल्या, आकाशवाणीची नोकरी केली, महायुद्ध पाहिलं. आठ वर्षांनी जो कवी समोर आला त्याची शब्दकळा, प्रतिमा आणि सूर इतके वेगळे होते की मराठी कविता 'मर्ढेकरांच्या आधीची' आणि 'नंतरची' अशी ओळखली जाऊ लागली. त्या संग्रहापायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले, पण त्याचा मनस्ताप त्यांनी सोसला. 'शिशिरागम'चं जे थोडंबहुत कौतुक झालं होतं, त्यावर भागवून त्यांनी दर वर्षाला तसलाच एक संग्रह काढला असता तर ते एक बरे कवी म्हणून राहिले असते. जुनं जमत असताना ते सोडणं आणि नवं हाती येईपर्यंत कळ काढणं, ही लेखनातली सर्वांत अवघड चढण आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती चढण म्हणून दिसतही नाही.

वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८ चा. शिरोड्याच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. १९४२ साली 'क्रौंचवध' आली, आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ त्यांची नवी कादंबरी आली नाही. घराघरांत वाचल्या जाणाऱ्या लेखकाचं हे थांबणं होतं. कथा, रूपककथा, लघुनिबंध ते लिहीतच होते. अडली होती ती कादंबरी. तो खंड संपल्यावर १९५९ साली 'ययाति' प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९७४ सालचं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं तेव्हा मराठीत पहिल्यांदाच तो सन्मान आला. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेल्यावरही ते दुसऱ्याकडून लिहवून घेत राहिले. मधल्या दशकात कुणी त्यांचा हिशेब मांडला असता तर तो 'संपलेला कादंबरीकार' असाच निघाला असता. लेखकाचा हिशेब अधल्यामधल्या पानावर मांडू नये, एवढं तरी सांगलीने आपल्याला शिकवलं आहे.

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे चारुता सागर यांनी तर थोडक्याच कथा लिहिल्या. पण 'नागीण' हा संग्रह ज्याने वाचला तो त्यांना विसरत नाही. त्यांच्या 'दर्शन' या कथेचा धागा पुढे 'जोगवा' चित्रपटापर्यंत पोचला. कमी लिहिणं हाही लेखकाचा पूर्ण मुक्काम असू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून समजतं.

इथवर थांबण्याची थोरवी सांगितली. पण थांबणं परवडायला लागतं, आणि ही गोष्ट बाजूला ठेवून या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम गेले. मुंबईत त्यांनी पडेल ती कामं केली, गिरण्यांत राबले, शाहिरी केली आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहून तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ सालची, म्हणजे 'ययाति'च्याच वर्षातली. मूड लागण्याची वाट पाहावी, निवांत जागा शोधावी, दोन वर्षं नुसतं वाचन करावं, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्यांच्या लेखनातले चढ-उतार पाहताना त्यांच्या घरातल्या चुलीचे चढ-उतार मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६९ साली वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाने आज जयंत्या होतात, पुतळे उभे राहतात. जिवंतपणी या लेखकाला एक निवांत वर्ष आपला समाज देऊ शकला नाही, ही बोच मराठी वाचकाला कायम राहायला हवी.

बायकांच्या लिहिण्याचंही असंच. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांनी सांगलीत राहून ओव्यांचं आणि बायकांच्या मौखिक परंपरेचं मोल आयुष्यभर मांडलं. २०२५ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. जात्यावर बसलेल्या बाईला सवड नव्हती, कागद नव्हता, अक्षरओळख नव्हती. दळण संपलं की ओवी थांबायची आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा सुरू व्हायची. आजही आमच्याकडे येणारी लेखिकांची पत्रं वाचली तर कारणं तीच दिसतात : घरातलं आजारपण, मुलांच्या परीक्षा, नोकरी, सासूबाईंचं पथ्यपाणी. 'सुचत नाही' असं त्या क्वचितच म्हणतात. सुचलेलं उतरवायला सलग दोन तास मिळत नाहीत, असं म्हणतात.

या अंकातल्या लेखकांना आम्ही म्हणूनच दोन गोष्टी विचारल्या : काय अडलं, आणि ते कशाने सुटलं? उत्तरं वेगवेगळी आली. कुणाला भाषांतराने हात दिला, कुणाला शेतीच्या कामाने, कुणाला जुन्या मित्राच्या परखड पत्राने. कुणी मोकळेपणाने लिहिलं की अजून सुटलेलं नाही. ते लेखही आम्ही तितक्याच अगत्याने छापले आहेत. औदुंबरला दरवर्षी संक्रांतीच्या दिवशी कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरतं. तिथे नवख्या कवीलाही लोक मांडी घालून ऐकतात. कवी सुधांशु आणि त्यांच्या सोबत्यांनी जपलेली ती रीत आम्हाला आदर्श वाटते. अडलेल्या लेखकाला सल्ल्यापेक्षा ऐकणारा माणूस जास्त उपयोगी पडतो.

बोलून थांबणं संपादकाला शोभत नाही, म्हणून दोन वचनं देतो. ज्यांनी यंदा 'लिहून होत नाही' असं कळवलं, त्या प्रत्येकाला पुढच्या वर्षीचं आमंत्रण आधीच्याइतक्याच आपुलकीने जाईल. आणि प्रत्येक लेखकाचं, चित्रकाराचं मानधन, थोडं असलं तरी, अंक बाजारात येईल त्याच महिन्यात पोचेल. लेखकाच्या निवांतपणाला आमच्याकडून लागणारा हातभार तेवढ्यापासून सुरू होतो. वाचकांकडेही एक मागणं आहे. अंक विकत घ्या, गावच्या वाचनालयाला एक प्रत द्या, आणि एखादा लेख आवडला तर लेखकाला चार ओळी लिहून कळवा. त्या चार ओळींवर एखादी थांबलेली कादंबरी पुढे सरकते, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

  आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची, आरोग्याची आणि भरपूर वाचनाची जावो. लिहिणाऱ्यांना लिहितं राहण्याचं बळ मिळो, आणि ज्यांची वही सध्या मिटलेली आहे त्यांना ती उघडण्याआधी हवा तेवढा वेळ मिळो.

आपला,
संपादक