आर्म बदलायचा की आधी बुश बघायचं?

तुमच्या घरी पिकअप असेल तर हा विषय तुमचा आहे. नसेल, तरी तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्याच्या घरी नक्की असेल. आणि त्याच्या मोबाइलमध्ये चिखलातून, दगडांवरून उड्या मारत जाणाऱ्या उंच गाड्यांचे रील्स तर असणारच असणार. ते बघता बघता एक दिवस तो म्हणतो, ‘भावा, आपल्या गाडीला पण पुढचे कंट्रोल आर्म टाकायचेत. अपग्रेडवाले!’

टाकायचे का?

आधी माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. त्याच्याकडे सेकंडहॅन्ड डबल कॅब पिकअप. जुन्नर तालुक्यातलं घर, शेती टोमॅटोची. सीझनला गाडी पहाटे नारायणगावच्या मार्केटला, एरवी घरच्यांना घेऊन लग्नकार्याला. पोरगं एकवीस वर्षांचं, गाडीवर जिवापाड प्रेम. त्यानं काय केलं, तर पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर टाकून गाडी अडीच इंच वर उचलली. फोटो झकास आले, लाइक्सही आले.

चार-पाच महिन्यांत पुढचे टायर एका कडेनं गुळगुळीत झाले. स्टीअरिंग वळणावरून सरळ यायला आळस करायला लागलं. गतिरोधकावर खालून कट-कट आवाज यायला लागला. स्पेसर टाकून देणारा म्हणाला, ‘आता अप्पर आर्म बदलावे लागतील.’ त्यानं जो आकडा सांगितला त्यात चांगली दुभती म्हैस आली असती. हा तयारही झाला. पैसे वडिलांकडे मागायचे कसे, एवढाच प्रश्न उरला होता.

मग त्याच्या वडिलांनी गाडी गावातल्या जुन्या फिटरकडे नेली. फिटरनं जॅक लावला, चाक वर-खाली हलवलं आणि एवढंच म्हणाला, ‘या गाडीत बसून घरातली माणसं नेता तुम्ही?’

लोअर बॉल जॉइंट पार ढिला झाला होता.

आता हे काय प्रकरण आहे ते समजून घ्या, कारण दुकानात गेल्यावर कोणी समजावत नाही. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपना पुढे ‘डबल विशबोन’ सस्पेन्शन असतं. म्हणजे प्रत्येक चाकाला दोन आर्म, एक वरचा, एक खालचा. आर्मचं एक टोक रबरी बुशमधून चासीला जोडलेलं आणि दुसरं टोक बॉल जॉइंटमधून चाकाकडे. चाक खड्ड्यात जातं, वर येतं, तेव्हा हे आर्म दारासारखे बिजागरीवर हलतात. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन स्प्रिंगवरून खालच्या आर्मवर येतं आणि तिथून लोअर बॉल जॉइंटमार्गे चाकावर. तो जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. माळशेज घाटाच्या उतारावर असं झालं तर काय होईल, ते मी लिहायची गरज नाही.

वरचा आर्म चाक कोणत्या कोनात उभं राहायचं ते धरून ठेवतो. आपण गाडी उचलली की दोन्ही आर्म खालच्या बाजूला झुकतात. थोडी उचलली तर कंपनीचा आर्म सांभाळून घेतो. पण दोन-अडीच इंचांच्या पुढे गेलं की वरचा बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेच्या टोकाला जाऊन अडतो. काही गाड्यांत आर्म स्प्रिंगला घासतो. कॅस्टर कमी होतो, म्हणजे स्टीअरिंग आपोआप सरळ येण्याचा गुण जातो. मग अलाइनमेंटवाल्यानं कितीही नट फिरवले तरी माप बसत नाही. टायर खाल्ले जातात ते म्हणूनच.

बाजारातले अपग्रेड अप्पर आर्म नेमके यासाठीच असतात. त्यांत बॉल जॉइंटचा कोन बदललेला असतो आणि हरवलेला कॅस्टर भरून काढलेला असतो. ती वस्तू खोटी नाही. ज्यानं गाडी नीट सस्पेन्शन किट टाकून उचलली आहे आणि जो खरंच डोंगरदऱ्यांत चालवतो, त्याच्यासाठी तो आर्म शोभेचा नाही, गरजेचा आहे.

पण तुमची गाडी कंपनीतून आली तेवढ्याच उंचीवर असेल तर? तर सरळ सांगतो, नवा आर्म टाकून तुम्हाला जवळजवळ काहीच मिळणार नाही. गाडी मऊ चालणार नाही, जास्त माल उचलणार नाही, अ‍ॅव्हरेजही वाढणार नाही. उलट कडक पॉलियुरेथेन बुशवाले आर्म घेतलेत तर हादरे आणि आवाज वाढू शकतो, काहींना वरचेवर ग्रीस द्यावं लागतं. काही आर्ममध्ये बॉल जॉइंटऐवजी उघडा युनिबॉल असतो. तो जास्त हलतो हे खरं, पण आपल्या धुळीत आणि पावसाळ्याच्या चिखलात तो लवकर झिजतो, हेही तेवढंच खरं.

आणखी एक गंमत. मार्केट यार्डात क्रेट भरून उभ्या असलेल्या कित्येक पिकअपना पुढेसुद्धा पाटेच असतात. त्यांना कंट्रोल आर्म नसतातच! म्हणून आधी गाडीखाली वाकून बघा, आपल्याकडे आहे काय ते.

आता मुद्द्याचं. आर्मचा विचार डोक्यात आला की आधी एवढं करा.

एक, बुश तपासा. रबर फाटलं असेल, भेगा पडल्या असतील तर आवाज तिथूनच येतो. अनेकदा नुसतं बुश दाबून नवं बसवता येतं.

दोन, बॉल जॉइंट तपासून घ्या. चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर धोका. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या आर्मखाली लावावा लागतो, नाहीतर ढिलेपणा लपून राहतो. हे फिटरकडूनच करून घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून स्वतः खाली शिरू नका, स्टँड हवाच.

तीन, शॉकअप, टाय रॉड, टायरची हवा आणि अलाइनमेंट. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

चार, तरीही आर्म वाकला असेल, गंजला असेल, तर कंपनीचा किंवा त्याच दर्जाचा आर्म घ्या. आणि एक गोष्ट अजिबात करू नका. गॅरेजमध्ये आर्म कापून, वेल्डिंग करून लांब करून घेऊ नका. वेल्डिंगचा सांधा कधी तुटेल, हे वेल्डर सांगू शकत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही 2019 मध्ये कंपनीच्या मूळ रचनेला धरूनच राहा, असं बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. झिजलेला भाग तसाच नवा बसवणं ही दुरुस्ती. गाडी उंच करणं हा बदल. अपघात झाला तर विमा कंपनी हाच फरक पहिल्यांदा विचारेल. ज्या ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ आपण बघतो, तिथेही गाडी वाटेल तेवढी उचलता येत नाही. ठरावीक उंचीपुढे इंजिनिअरचा दाखला लागतो. ते रीलमध्ये दिसत नाही, एवढंच.

मग हौस करायचीच नाही का? करा की! गाडी स्वतःच्या हातानं आपलीशी करावी वाटणं यात चूक काही नाही. ज्याला गाडीखाली शिरावंसं वाटतं, तो पोरगा काहीतरी शिकतो. पण शिकायचंच असेल तर आधी तुमच्या गाडीचा आर्म कुठे आहे, त्याचं बुश कसं दिसतं, बॉल जॉइंट झिजल्याची खूण काय, हे शिका. एक रविवार फिटरजवळ बसा, त्याला पाना द्या, प्रश्न विचारा. त्याला येतं ते कुठल्याही रीलमध्ये नाही.

माझ्या मावसभावानं स्पेसर काढला. दोन्ही बाजूंचे लोअर बॉल जॉइंट आणि बुश नवे टाकले, अलाइनमेंट केलं, दोन टायर घेतले. म्हशीच्या किमतीचा थोडाच भाग खर्च झाला. गाडी आता फोटोत पूर्वीइतकी रुबाबदार दिसत नाही, हे त्याला अजून खटकतं. पण परवा त्याची आई त्याच गाडीत पुढे बसून माळशेज उतरली आणि वाटभर झोपली.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसालाही नसतं. म्हणून पैसे काढण्याआधी एकदा जॅक लावा आणि चाक हलवून बघा.